चाळणीला तीन टपल्या

घरातली ती सगळ्यांत लहान, म्हणून तिला धाकटी म्हणायचे. तिच्यामागून त्या घरात पाळणा हललाच नाही, त्यामुळे केसांत पांढरी बट आली तरी ती धाकटीच राहिली. कारखान्यात मात्र तिला चाळणबाई म्हणत, आणि हे नाव तिनं स्वतःच्या हातांनी मिळवलेलं होतं.

तिच्या कामाच्या खोलीला दाराआड दार होतं. पहिल्या दारापाशी चपला काढायच्या. दुसऱ्यापाशी अंगठी, घड्याळ, केसातला आकडा, जे म्हणून अंगावरून गळून पडेल ते सगळं डब्यात ठेवायचं. मग पायघोळ पांढरा झगा, टोपी, तोंडावर पट्टी, हातांत दुहेरी मोजे. आत पोचेपर्यंत माणसाचे नुसते डोळे उरत. खोलीत धूळ नाही, वारा नाही, बोलणं नाही. स्टीलचं लांब टेबल, त्यावर एकीखाली एक बसवलेल्या चाळण्या, वरून सोडलेली पाण्याची संथ धार, आणि धाकटीचे दोन हात.

चाळायचं काय, तर दाणे. शेजारच्या खोलीत काचेच्या हंड्यात तेल घुसळत असे. त्यात पॉलिमरचा पाक सोडला की त्याचे थेंब होत, आणि फिरता फिरता एकेक थेंब गोल होऊन तसाच घट्ट बसे. खसखशीहून बारीक, ओला, काचेसारखा आरपार. बोटावर घेतला तर आहे की नाही असा संशय यावा. पण थेंबच ते, मापात थोडेच पडणार? कुणी थोराड, कुणी चिमुकला. त्यांची पंगत लावायची ती धाकटीनं. सातशे मायक्रॉनच्या चाळणीवर अडले ते एका बरणीत. तिच्यातून उतरून पाचशेच्या चाळणीवर थांबले ते दुसऱ्या बरणीत. त्याहून बारके तिसरीत.

हे दाणे माणसाच्या रक्तात सोडायचे असतात, हे तिनं पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा दादाच्या हातातला चहा तसाच राहिला होता. मग तिनं समजावलं. अंगात कुठं नको ती गाठ वाढली, की ती गाठ आपल्या वाटणीचं रक्त ओढून घेते. डॉक्टर मांडीतून नाहीतर मनगटातून बारीक नळी घालतात, गाठीला रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या तोंडाशी नेतात आणि तिथं हे दाणे सोडतात. दाणे प्रवाहाबरोबर जातात, अरुंद जागी अडतात आणि वाट बंद होते. गाठ उपाशी राहते, सुकत जाते. सुरी लागत नाही.

दादाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तो म्हणाला, मी जन्मभर ट्यूबची गळती बंद करतोय तर लोक मला पंक्चरवाला म्हणतात, आणि हिला मात्र त्याच कामासाठी झगा आणि टोपी. तेव्हापासून हा विनोद घरात मुरला होता. कुणी विचारलं, तुमची बहीण काय करते, तर तो सांगायचा, आमचाच धंदा, फक्त तिची गिऱ्हाइकं खाटेवर असतात.

चाळायला धाकटीला शिकवलं ते वहिनीनं. आई गेली तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती. त्याच वर्षी वहिनी या घरात आली आणि आल्या आल्या तिच्या पदरात हे पोर पडलं. स्वतःचं मूल पुढं झालं नाही. मग धाकटीच तिची नणंद, तिचीच लेक, आणि रागावली की तिचीच वैरीण. स्वयंपाकघरात पाटावर उभी करून वहिनीनं तिच्या हातात चाळणी दिली होती आणि चाळता चाळता स्वतः जुळवलेलं म्हणत राहिली होती:

चाळणी गं माझे बाई, खाली तुझ्या चांदणं,
वर राहिलं ते घेते, पुन्हा घालते कांडणं.

आणि शेवटी, चाळणी रिकामी दिसायला लागली, तरी जाळीच्या भोकाभोकात पीठ अडून बसलेलं असतं. तेव्हा तळहाताच्या टाचेनं कडेला तीन टपल्या द्यायच्या. टप, टप, टप. अडलेलं सगळं खाली येतं. कण वाया घालवायचा नाही, वहिनी म्हणायची, तो आपल्यासाठीच तर दळला गेला.

कारखान्यात खोलीच्या भिंतीवर कामाचा कागद लावलेला होता. धार किती, वेळ किती, झोका किती हलका, सगळं त्यात होतं. टपल्या मारू नका असं मात्र लिहिलेलं नव्हतं, कारण लिहिणाऱ्यानं आयुष्यात कधी पीठ चाळलेलं नव्हतं. धाकटी वेळ पाळायची, धार पाळायची, पट्टीआड ओठ न हलवता वहिनीचं गाणं म्हणायची आणि शेवटी चाळणीला तीन टपल्या द्यायची. सात वर्षं देत आली होती. पूर्वीचे दाणे कडक होते, कपचीसारखे, कोनाकोनाचे. त्यांना टपलीनं काही होत नव्हतं. आता सहा आठवड्यांपासून नवे आले होते, गोल आणि मऊ. हात मात्र जुनाच होता.

वहिनीला दोन वर्षं रक्त जात होतं. आधी महिन्याचे पाच दिवस, मग दहा, मग कधी थांबलं आणि कधी सुरू झालं याचा हिशेबच राहिला नाही. ती पांढरी पडत गेली. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं काहीतरी बघितल्यासारखं करायची. भिंतीवर काही नसायचं. पिशवीत गाठ आहे असं निघालं, आणि पहिल्या डॉक्टरांनी सरळ पिशवीच काढून टाकायला सांगितली. या वयात तुम्हाला तिचा काय उपयोग, असंही म्हणाले. वहिनी घरी आली ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, रिकामी राहिली म्हणून काय झालं, माझीच आहे ना ती.

तेव्हा धाकटीनंच दुसऱ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता काढला. त्या दाणे सोडून गाठ सुकवायच्या.

मंगळवारी सकाळी तिघं त्यांच्याकडे गेली. डॉक्टरीणबाई भराभर चालणाऱ्या आणि सावकाश बोलणाऱ्या होत्या. फोटो बघून म्हणाल्या, होईल, शुक्रवारी करू. वहिनीच्या चेहऱ्यावरची भीती पाहून त्यांनी कपाटातून एक जुनी, मुदत संपलेली पिचकारी काढली, तिच्यात नमुन्याला आलेले दोन-चार मऊ दाणे भरले, शेवयीसारखी बारीक नळी तिला जोडली आणि नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात सोडलं.

"बघा हं," त्या म्हणाल्या. "दाणा नळीच्या भोकापेक्षा मोठा आहे. तरी जातो."

त्यांनी दट्ट्या हळूच दाबला. नळीच्या पारदर्शक भिंतीतून दाणा लांबट होऊन सरकताना दिसला. टोकाशी आला आणि पाण्यात पडल्याबरोबर पुन्हा गोल झाला. वहिनीनं पुढं वाकून बघितलं आणि हसली. शहाणा आहे, म्हणाली, दारातून जाताना मान वाकवतो. दादा म्हणाला, साहेब लोकांनी शिकावं याच्याकडून.

धाकटी हसली नाही. तिच्या तळहाताच्या टाचेला एकदम मुंग्या आल्या होत्या.

"जाळीतूनही जाईल का असा?" तिनं विचारलं.

"कशातूनही जाईल. थोडा दाब मिळाला की झालं."

मग डॉक्टरीणबाईंनी बोलता बोलता सगळंच सांगून टाकलं. दाणा मापाचा असेल तर काम सुरळीत. फारच मोठा निघाला तर मात्र नळीतच अडकून बसतो. मग नळी काढा, दुसरी घाला, सगळी वाट पुन्हा शोधा. आणि अडलेल्याला जोर करून ढकललं तर बाकीचे उलटे फिरून रक्तवाहिनीच्या नको त्या फांदीत शिरतात. म्हणून माप महत्त्वाचं, असं म्हणत त्यांनी शुक्रवारी वापरायचा डबा टेबलावर ठेवला. पाचशे ते सातशे. डब्याच्या बाजूला लॉटचा आकडा होता. चौदावा लॉट. तो कुणाच्या हातचा हे त्या खोलीत धाकटीला एकटीलाच माहीत होतं.

संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसून पीठ चाळत होती. उभं राहिलं की हल्ली तिला घेरी यायची. बाहेरच्या खोलीत धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. चाळणीचा सरसर आवाज थांबला. टप, टप, टप. धाकटीच्या हातातली घडी उलगडली.

तिनं मनाशी सगळं मांडून पाहिलं. टपलीनं सातशेच्या चाळणीतून मोठे दाणे दबून खाली गेले असतील. किती? दहा असतील, हजार असतील, कदाचित एकही नसेल. कारखान्यात माप तपासणाऱ्या भिंगबाईंनी लॉट पास केला होता, मग आपण कशाला नसतं घोंगडं गळ्यात घ्यायचं? बोललो तर डबा परत जाणार, शुक्रवार जाणार, वहिनीचं रक्त वाहतच राहणार. नाही बोललो तर दहातल्या नऊ वेळा काहीच होणार नाही. आणि दहावी वेळ वहिनीची निघाली तर?

वहिनीनं आतून हाक मारली, घड्या घालतेस की इस्त्री करतेस. धाकटी म्हणाली, आले. जेवताना ती नेहमीपेक्षा जास्त बोलली. वहिनीनं तिच्याकडे दोनदा पाहिलं.

बुधवारी सकाळी ती झगा न घालता तपासणीच्या खोलीत गेली. तिथं भिंगबाई बसत. त्यांचं खरं पद मोठं लांबलचक होतं, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांच्या उजव्या भुवईखाली कायमची एक घडी पडली होती, आणि कारखान्यात माणसाला नाव त्याच्या घडीवरून पडतं. त्यांच्या हातून आजवर एक वाकडा दाणा सुटला नव्हता, असं त्या स्वतः म्हणत आणि लोकही म्हणत.

धाकटीनं उभ्या उभ्याच सांगितलं. आधी गाणं, मग टपल्या, मग नळीतला दाणा. सांगताना तिचा उजवा हात आपोआप वर आला आणि हवेत तीन वेळा आपटला.

"किती दिवस?" भिंगबाईंनी विचारलं.

"सात वर्षं. पण मऊ दाणे सहा आठवड्यांपासूनचे."

"प्रत्येक लॉटला?"

"प्रत्येक."

भिंगबाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, असं काही असतं तर मला दिसलं असतं. धाकटी तिथंच उभी राहिली. भिंगबाई उठल्या, कपाटातून चौदाव्या लॉटची राखून ठेवलेली बरणी काढली आणि नेहमीप्रमाणे काचेची नळी बरणीच्या वरच्या भागात बुडवली. तिथंच त्यांचा हात थांबला. पाण्यात मोठा दाणा आधी तळ गाठतो, बारका मागून येतो. हे त्यांना ठाऊक होतं. गेली किती वर्षं ठाऊक होतं, आणि तरी नमुना त्या वरूनच घेत आल्या होत्या, कारण कडक दाण्यांच्या काळी वर काय आणि खाली काय, सगळं सारखंच निघायचं.

त्यांनी नळी तळापर्यंत नेली.

मग दोघींनी आळीपाळीनं भिंगातून पाहिलं. तीनशे दाणे मोजले. त्यातले एकोणीस मापाबाहेरचे होते, थोराड, लहान मुलांच्या वर्गात चुकून बसलेल्या बाप्यांसारखे. एक तर इतका मोठा की भिंगबाईंनी त्याचं माप तीनदा घेतलं.

"आता करून दाखव," त्या म्हणाल्या.

त्यांनी चाळणीचा छोटा तुकडा भिंगाखाली ठेवला, त्यावर दोन थेंब दाणे सोडले. धाकटीनं कडेला बोटानं टपली दिली. भिंगबाईंनी पाहिलं, मग बाजूला होऊन तिला बघायला दिलं. जाळीच्या चौकोनावर एक दाणा पोट टेकून बसला होता. दुसरी टपली. दाण्यानं अंग चोरलं, कंबर बारीक केली, चौकोनातून अर्धा उतरला. तिसरी टपली, आणि तो पलीकडे जाऊन पुन्हा गोल झाला, जसं काही झालंच नाही. सात वर्षं धाकटीनं हे काम केलं होतं आणि आपल्या हाताखाली काय घडतं हे ती पहिल्यांदाच बघत होती. ते इतकं देखणं होतं की क्षणभर ती कशासाठी आली होती तेच विसरली.

भिंगबाई साहेबांच्या खोलीत गेल्या तेव्हा धाकटी बाहेर बाकावर बसली. आतून आवाज चढला नाही, त्यानं तिला जास्तच धास्ती वाटली. नंतर कळलं ते असं, की भिंगबाईंनी आपली चूक आधी सांगितली होती आणि धाकटीची मागून. दुपारपर्यंत पाच इस्पितळांना फोन गेले, मऊ दाण्यांचे सगळे डबे बाजूला ठेवा म्हणून. एका ठिकाणी गेल्याच आठवड्यात नळी अडली होती. तिथल्या डॉक्टरांनी दोष नळीला दिला आणि नळी बदलून काम पुरं केलं. पेशंट बरा होता. हे धाकटीला सांगितलं तेव्हा ती मान खाली घालून बाकाच्या फळीवरची रेघ बघत राहिली.

साहेब तिला एवढंच म्हणाले की भिंतीवरचा कागद आता नव्यानं लिहायचा आहे, आणि लिहिताना तिनं समोर बसायचं आहे.

घरी सांगणं जास्त अवघड होतं. दादा दुकानातून आला होता, हाताला अजून रबराच्या सोल्युशनचा वास होता. ऐकून तो उसळला. आधीच का नाही कळलं, आता शुक्रवारचं काय, हिच्या अंगात रक्त किती उरलंय ते ठाऊक आहे ना, असं सगळं एका दमात बोलला. बोलून झाल्यावर त्यालाच वाईट वाटलं आणि तो बाहेर जाऊन उगाच स्वतःच्या सायकलची हवा तपासत बसला.

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या होत्या. दुसऱ्या कारखान्याचे, जुन्या पद्धतीचे कडक दाणे त्यांच्याकडे होते, शुक्रवारी त्यांनीही काम होईल, पुष्कळ वर्षं होत आलं आहे. नाहीतर नव्यानं चाळलेले मऊ दाणे, पण ते वाफेतून काढून, जंतू वाढत नाहीत ना ते चौदा दिवस ठेवून बघितल्याशिवाय कारखाना सोडणार नव्हता. म्हणजे सगळं धरून तीन आठवडे. तोवर रक्ताची एक बाटली चढवू आणि रक्त जाणं आटोक्यात ठेवायला गोळ्या देऊ, तब्येत तेवढं धरून आहे. कोणतं घ्यायचं ते पेशंटनं ठरवावं.

धाकटी म्हणाली, वहिनी, तू शुक्रवारी करून घे. माझ्यासाठी थांबू नकोस.

वहिनीनं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला होता, ऊब घेत. "टपल्या मीच शिकवल्या ना तुला?" तिनं विचारलं.

"तू शिकवल्यास त्या पिठाला."

"आणि तू त्या दाण्यांना मारल्यास. म्हणजे गुरूचं बरोबर, शिष्याचं चुकलं." ती हसली. हसताना थकली आणि थांबली. मग म्हणाली, "मी थांबते. ते दुसरे दाणे कोण चाळतं, कसं थोपटतं, मला काय ठाऊक? तू आता डोळ्यात तेल घालून चाळशील."

धाकटीनं पुष्कळ समजावलं. डॉक्टरीणबाईंनीच दोन्ही चांगले सांगितलेत, हट्ट करू नकोस, काही झालं तर मी तोंड कुठं लपवू. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि पेला खाली ठेवला. तिनं आयुष्यात फार थोड्या गोष्टींचा हट्ट केला होता, आणि केला तेव्हा घरातल्या कुणाचं काही चाललं नव्हतं. आता बाहेरून दादानं विचारलं, काय ठरलं, तर वहिनी म्हणाली, ठरलं, तुम्ही हवा भरून घ्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी पुन्हा दाराआडच्या दारातून आत गेली. काचेपलीकडे भिंगबाई उभ्या होत्या, हात मागे बांधून. नवा हंडाभर दाणा आला होता. तिनं धार सोडली, चाळणीला झोका दिला. झोका हलका, पाण्यावरच्या पानासारखा. मनात गाणं आपणहून सुरू झालं, आणि गाण्याच्या शेवटी हात काय करील याचं तिला भय होतं. सात वर्षांचा हात, नव्हे, पाटावर उभं राहिल्यापासूनचा. हाताला समजावता येत नाही. त्याला दुसरं काम द्यावं लागतं. म्हणून तिनं भिंगबाईंशी ठरवून घेतलं होतं, चाळणी दोन्ही हातांनी दोन्ही कडांना धरायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एकही हात मोकळा ठेवायचा नाही.

वेळ संपली. जाळीच्या भोकाभोकात दाणे अडून बसले होते, पाण्याच्या थेंबांसारखे चमकत. उजवा खांदा उचलला गेला. मोज्यातली बोटं कडेवर घट्ट झाली. खोलीत कसलाच आवाज नव्हता. मग तिनं दोन्ही हातांनीच वर राहिलेले दाणे भांड्यात ओतले, त्याच भांड्यावर चाळणी सावकाश पालथी केली, तिच्या तळावर पाण्याची धार घेतली, आणि अडलेले दाणे मागे फिरून वर राहिलेल्यांत जाऊन मिळाले. वर राहिलं ते घेते. वहिनीनं हे किती वर्षांपूर्वी जुळवलं होतं. धाकटीला हसू आलं, पण पट्टीआड ते कुणाला दिसलं नाही.

भिंगबाईंनी नमुने तीन ठिकाणांहून घेतले, वरून, मधून, तळातून. नऊशे दाणे मोजले. मापाबाहेरचा एक निघाला, तोही बारका. त्यांनी कागदावर आकडा लिहिला आणि खाली सही करून तो कागद धाकटीकडे सरकवला, तिनंही सही करावी म्हणून. अशी रीत पूर्वी नव्हती.

ते तीन आठवडे वहिनीनं पडून काढले. रक्ताची बाटली चढली त्या दिवशी गालांवर थोडा रंग आला, चार दिवसांनी पुन्हा उतरला. एका सकाळी ती मोरीपाशीच बसून राहिली, उठवेना. दादानं आणि धाकटीनं तिला उचलून आणलं. त्या दिवशी धाकटीनं कारखान्यातून सुट्टी घेतली आणि दिवसभर तिचे पाय चेपत बसली. पाय थंड होते. आपण बोललो नसतो तर ही आज बरी होऊन घरात फिरत असती, असं तिला कितीदा वाटलं. वहिनीनं डोळे न उघडता विचारलं, चौदातले किती झाले? धाकटी म्हणाली, अकरा. मग काय, वहिनी म्हणाली, तीन तर राहिले.

शेवटी तो दिवस आला. वहिनीला आत नेलं तेव्हा ती जागीच होती, जागीच ठेवणार होते. मनगटातून नळी घालायची म्हणून हातातलं सगळं उतरवून तिनं धाकटीच्या हातात दिलं. दादा आणि धाकटी दाराबाहेरच्या खुर्च्यांवर बसली. दादाला स्वस्थ बसवेना. तो समोरच्या चाकाच्या खुर्चीकडे बघत होता, मग न राहवून उठला आणि तिचं करकरणारं पुढचं चाक फिरवून, बोटानं आत अडकलेला दोरा काढून परत आला. म्हणाला, एवढी मोठी इमारत, आणि चाकाकडे कुणाचं लक्ष नाही. धाकटीनं हातातल्या बांगड्या मुठीत धरून ठेवल्या होत्या. आत आत्ता काय चाललं असेल ते तिला पायरीपायरीनं ठाऊक होतं. आता दाणे औषधात कालवले असतील. आता पिचकारी जोडली असेल. आता पहिला दाणा नळीच्या तोंडाशी आला असेल आणि मान वाकवत असेल.

दीड तास झाला. दार उघडलं, आणि डॉक्टरीणबाई भराभर चालत आल्या.

"झालं," त्या सावकाश म्हणाल्या. "दोन्ही बाजूंच्या वाहिन्या बंद झाल्या. नळी कुठंच अडली नाही."

दादानं हात जोडले. धाकटीनं मूठ उघडली, तळहातावर बांगड्यांचे वळ उठले होते.

त्या दिवशी वहिनीला पोटात फार कळा आल्या, दुसऱ्या दिवशी ताप आला. हे होणारच असं सांगितलं होतं, आणि ते झालं आणि गेलं. महिन्याभरानं रक्त कमी झालं. तिसऱ्या महिन्यात ते पाच दिवस आलं आणि शहाण्यासारखं गेलं. फोटोत गाठ निम्मी झालेली दिसली. एक दिवस वहिनी जिना चढली तो भिंतीकडे न बघता, आणि वर येऊन एकदम लक्षात आल्यासारखी उभी राहिली, पुन्हा खाली उतरली, पुन्हा चढली. दादा खालून म्हणाला, ट्रायल घेतेय.

त्याच आठवड्यात, सुट्टीच्या सकाळी, वहिनी ओट्यापाशी उभी होती, स्टूल कोपऱ्यात सारलेलं होतं. तिनं धाकटीला पीठ चाळायला दिलं. धाकटी चाळू लागली, दोन्ही हात दोन्ही कडांना. खाली पांढरा ढीग वाढत गेला. चाळणी रिकामी झाली. जाळीच्या भोकाभोकात पीठ अडलं होतं. धाकटीचा खांदा जरा उचलला गेला आणि थांबला. मग तिनं चाळणी अलगद परातीवर पालथी करायला घेतली.

वहिनीनं ते पाहिलं. तिनं हातातला चमचा ठेवला, धाकटीच्या हातातून चाळणी घेतली, सरळ केली.

"अगं, पीठ आहे हे," ती म्हणाली. "याला चालतं."

आणि तिनं तळहाताच्या टाचेनं कडेला तीन टपल्या दिल्या. हातात जोर आला होता. तिसऱ्या टपलीला पीठ उडालं आणि दोघींच्या केसांवर बसलं.